दारावरचा चरा, बॉनेटवरचे टवके आणि छतावरचे डाग: घरी काय करता येते

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. आपली राखाडी मेटॅलिक रंगाची हॅचबॅक सहा वर्षांची आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी मागच्या दारावर किल्लीने हातभर लांबीचा चरा ओढला आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेला महामार्गावरच्या खडीने टवके उडाले आहेत आणि त्यांपैकी एकात तांबूस ठिपका दिसू लागला आहे. छतावर पक्ष्यांच्या विष्ठेचे आणि बोअरच्या पाण्याचे डाग आहेत. गॅरेजने दार आणि बॉनेट दोन्ही पूर्ण रंगवून घेण्याचा सल्ला दिला आहे, आणि त्याऐवजी घरी काही करता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

करता येईल, आणि बरेच करता येईल. छताचे डाग आणि बॉनेटचे टवके ही दोन्ही कामे सावकाश काम करणाऱ्या माणसाला घरी जमतात. दाराच्या चऱ्याचे उत्तर मात्र तो किती खोल गेला आहे यावर अवलंबून आहे, आणि ही खोली तपासण्याचे काम सर्वांत आधी करावे लागते. किल्लीने किंवा खडीने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान नंतर खोली न पाहता हाती लागेल त्या कंपाउंडने, म्हणजे रंग झिजवणाऱ्या खरखरीत पेस्टने, घासत राहिल्याने होते, असे मला या व्यवसायात सतत दिसत आले आहे.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. फॉस्फेटची प्रक्रिया केलेल्या पत्र्यावर प्रथम विजेच्या साहाय्याने बसवलेले गंजरोधक प्रायमर असते. त्यावर पृष्ठभाग एकसारखा करणारे दुसरे प्रायमर येते, ज्याला आपल्याकडचे कारागीर अस्तर म्हणतात. त्यानंतर प्रत्यक्ष रंगाचा बेसकोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्याची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या ते सातव्या हिश्शाइतकी. त्यात बेसकोट जेमतेम १५-२० मायक्रॉनचा असतो आणि क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. गाडीची चमक क्लिअर कोटमुळे असते आणि उन्हातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्येही प्रामुख्याने याच थरात असतात. तो प्रमाणाबाहेर झिजला की काही उन्हाळ्यांनंतर छतावर आणि बॉनेटवर पांढुरके पट्टे दिसतात आणि थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. त्या अवस्थेत गेलेल्या पॅनेलला कोणत्याही पॉलिशचा उपयोग होत नाही. ते घासून पुन्हा रंगवावेच लागते. म्हणून गाडीच्या संपूर्ण आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त क्लिअर कोट काढू नये, असा हिशेब मी धरतो. एका जोरदार कंपाउंडिंगमध्ये त्यातले दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करून घेण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, ती या कारणाने मला मुळीच मान्य नाही.

आता तपासणी. गाडी सावलीत उभी करून, पत्रा थंड असताना, कार शॅम्पूने धुवावी. भांड्यांचा साबण नेहमीसाठी योग्य नाही, पण या एका वेळी जुने वॅक्स काढण्यासाठी तो चालतो. कोरड्या कापडाने धूळ पुसणे, किंवा कापडावर रॉकेल अथवा डिझेल घेऊन गाडी चमकवणे, आजपासून पूर्ण थांबवावे. धुळीचे कण त्या कापडाखाली फरफटत जातात आणि उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे त्यातूनच तयार होतात. गाडी धुऊन कोरडी झाल्यावर चऱ्यावर थोडे पाणी लावावे. पाणी असताना चरा दिसेनासा झाला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने कमी होईल. नंतर नखाचे टोक चऱ्याला आडवे, अगदी हलके फिरवावे. नख अडकले, तर तो केवळ पॉलिशने सुरक्षितपणे निघणार नाही असे समजावे, मग आतला रंग शाबूत का असेना. शेवटी भिंगातून चऱ्याच्या तळाशी काय दिसते ते पाहावे. आपल्या गाडीचा रंग राखाडी असल्यामुळे येथे फसगत होऊ शकते, कारण अस्तरही पुष्कळदा राखाडीच असते. पण मेटॅलिक रंगात चमकीचे बारीक कण असतात आणि अस्तरात ते नसतात. लखलखीत किंवा तांबूस रेघ दिसली तर पत्रा उघडा पडला आहे.

मेटॅलिक गाडीवर क्लिअर कोट असतोच, असे धरून मी हे लिहीत आहे. साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या काही गाड्यांवर, विशेषतः जुन्या गाड्यांवर, वेगळा क्लिअर कोट नसतो. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने थोडे पॉलिश घासून पाहिल्यावर कापडाला गाडीचा रंग लागला, तर वरचा थर रंगाचाच आहे हे कळते, आणि मग झीज अधिकच जपून करावी लागते.

छतापासून सुरुवात करावी, कारण तेथे हात बसतो. बोअरच्या पाण्याचे डाग म्हणजे पाणी वाळल्यावर मागे राहिलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. हे डाग दोन प्रकारचे असतात. बोटाला किंचित उंच, खरखरीत लागणारा डाग वर बसलेला असतो. पांढरे व्हिनेगर आणि स्वच्छ पाणी समप्रमाणात घेऊन, कापड त्यात भिजवून, मिनिटभर डागावर ठेवले आणि वाळू न देता भरपूर पाण्याने धुतले की तो सुटतो. न सुटल्यास पुन्हा एकदा करावे, पण व्हिनेगरचे प्रमाण वाढवू नये. डाग बोटाला लागत नाही पण तिरक्या उजेडात खळग्यासारखा दिसतो, तेव्हा क्षारांनी क्लिअर कोट कोरलेला असतो, आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग बहुधा या दुसऱ्या प्रकारचे निघतात. विष्ठेतील आम्ल हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण असे की उन्हात तापलेला क्लिअर कोट किंचित मऊ होऊन पसरतो आणि संध्याकाळी निवताना वाळलेल्या विष्ठेभोवती आक्रसतो. म्हणून मार्च ते मे या काळात विष्ठा त्याच दिवशी, भरपूर पाण्याने भिजवून, न घासता काढावी. वडा-पिंपळाखाली गाडी लावणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणि मायक्रोफायबरचे कापड डिकीत ठेवावे.

कोरलेले डाग आणि दारावरचा क्लिअर कोटपुरता चरा या दोन्हींवर उपाय एकच, म्हणजे भोवतालचा क्लिअर कोट खड्ड्याच्या कडा पुसट होतील इतकाच खाली आणणे. त्याआधी त्या भागावर क्ले बार फिरवावा. क्ले म्हणजे मातीसारखा मळता येणारा, रंगात रुतलेले कण उचलणारा गोळा; तो शॅम्पूच्या पाण्याने ओल्या केलेल्या पृष्ठभागावर, वजन न देता सरकवायचा. जमिनीवर पडलेला क्ले पुन्हा वापरू नये, त्याला चिकटलेली खडी नवे चरे पाडते. नंतर आजूबाजूच्या कडा, कंगोरे आणि रबराची बीडिंग मास्किंग टेपने झाकावी, कारण कडांवर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो आणि तो तेथेच प्रथम उडतो. आधी सौम्य पॉलिश घ्यावे. त्याने काम होत नाही असे दिसल्यावरच कंपाउंडकडे वळावे. दीड फूट लांबी-रुंदीचा तुकडा घेऊन, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब टाकून, एकमेकांवर निम्मे चढणारे सरळ पट्टे आधी आडवे आणि मग उभे घासावेत. दोन फेऱ्यांनंतर पुसून मोबाइलच्या टॉर्चने तिरके पाहावे. चरा सत्तर टक्के गेला तर थांबावे, ही माझी सूचना मी प्रत्येक शिकाऊ कारागिराला देतो. उरलेले तीस टक्के काढण्याच्या हट्टापायी खालचा रंग उघडा पडतो, आणि मग खरोखर पूर्ण दार रंगवावे लागते.

यंत्र वापरायचेच असेल तर ड्युअल ॲक्शन प्रकारचे घ्यावे, ज्याचे पॅड फिरता फिरता थरथरतेही आणि एका जागी उष्णता साठू देत नाही. गॅरेजमधील नुसते गोल फिरणारे रोटरी यंत्र अनुभवी हातांसाठी आहे. नवख्याच्या हातून ते काही क्षणांत कड जाळते. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर दुप्पट जपावे, कारण पत्र्याप्रमाणे प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही. बंपरवर दिसणारी पिवळी-काळी रेघ पुष्कळदा चरा नसतेच, ती पार्किंगच्या खांबाचा लागलेला रंग असतो. टार रिमूव्हर (डांबर काढणारे द्रव) किंवा थोड्या पॉलिशने तो निघून जातो. त्यासाठी थिनर वापरू नये. कारखान्याचा भट्टीत पक्का झालेला रंग ते थोडा वेळ सोसतो, पण तो बंपर पूर्वी एखाद्या गॅरेजमध्ये रंगवलेला असेल तर थिनरने रंग सुरकुततो. टूथपेस्टचेही तेच, तिच्यात घासणारे कण असतात खरे, पण ते रंगासाठी घडवलेले नसतात आणि त्यांची धार किती हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

आता बॉनेट. येथे मी सर्वांत जास्त वेळ देईन, कारण गंजाचा ठिपका थांबत नाही. पावसाळ्यात तो रंगाखाली आडवा पसरतो आणि वरून दिसतो त्यापेक्षा आत मोठा असतो. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर खारट हवेमुळे हे आणखी लवकर होते. दार नंतर करता येईल, हा टवका आधी करावा.

प्रथम रंग मिळवावा. गाडीच्या रंगाचा संकेतांक दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा उत्पादकाच्या पट्टीवर छापलेला असतो. त्यानुसार कंपनीच्या अधिकृत दुकानातून टच-अपची बाटली मिळते. नाहीतर रंग मिसळून देणाऱ्या दुकानात इंधनाच्या टाकीचे झाकण दाखवून थोडा रंग तयार करून घ्यावा. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड या सुट्या भागांच्या बाजारांत चौकशी केली की अशी दुकाने सापडतात. संकेतांक जुळला तरी सहा वर्षे ऊन खाल्लेल्या रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून एका पुठ्ठ्यावर रंग लावून, पूर्ण वाळू देऊन, वर क्लिअरचा हात देऊन, तो ट्यूबलाइटमध्ये न पाहता दिवसाच्या उजेडात बॉनेटशेजारी धरून पाहावा. मोत्यासारखी झाक असलेल्या पांढऱ्या रंगात बहुधा दोन बाटल्या लागतात, खालच्या पांढऱ्याची वेगळी आणि वरच्या झाकेची वेगळी. दुकानदाराला हे विचारून घ्यावे.

टवक्याच्या भोवतीचा सैल रंग टाचणीच्या टोकाने उचलून पाहावा. जो सुटतो तो सुटू द्यावा, सुटणाऱ्या रंगावर नवा रंग टिकत नाही. गंजाचा ठिपका टाचणीने किंवा काचतंतूच्या पेन्सिलीने, भोवतालचा रंग न ओरबाडता, चकचकीत धातू लागेपर्यंत खरवडावा. तळाशी काळपट छिद्रे उरलीच तर फॉस्फोरिक आम्ल असलेल्या गंजनाशकाचा थेंब काडीने टेकवून, बाटलीवर दिलेल्या वेळेनंतर पुसून घ्यावा. टवक्याच्या कडा उभ्या असतात, त्या थोड्या उतरत्या करण्यासाठी पेन्सिलीच्या खोडरबरावर १००० नंबरच्या वॉटर पेपरचा (पाण्यासह वापरायच्या सँडपेपरचा) बारीक तुकडा चिकटवून दोन-चार वेळा फिरवावा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन सगळा भाग पुसावा आणि त्यानंतर तेथे बोट लावू नये, कारण त्वचेवरचे तेल रंग धरू देत नाही.

उघड्या धातूवर रंग थेट लावू नये. आधी धातूसाठीच्या प्रायमरचा एक थेंब, आणि तो त्याच दिवशी, कारण उघडा पत्रा दमट हवेत एका रात्रीतही गंज धरतो. प्रायमर वाळल्यावर रंग. बाटलीच्या झाकणातला ब्रश या कामाला फार जाड असतो. त्याऐवजी लाकडी टूथपिक किंवा चित्रकाराचा ००० नंबरचा ब्रश घ्यावा. बाटली मिनिटभर चांगली हलवावी, कारण चमकीचे कण तळाशी बसतात. टूथपिकच्या टोकावर अगदी लहान थेंब घेऊन तो टवक्याच्या मधोमध टेकवावा आणि लगेच हात मागे घ्यावा. पृष्ठताणामुळे रंग आपोआप कडांपर्यंत सरकतो. ब्रशने ओढत बसल्यास चमकीचे कण एका दिशेने झोपतात आणि तो ठिपका भोवतालपेक्षा गडद दिसतो. द्रावक उडून गेल्यावर थेंब आक्रसतो आणि मध्यभाग खाली बसतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने दोन-तीन पातळ थेंब द्यावेत आणि रंग भोवतालच्या पातळीच्या किंचित खालीच ठेवावा. उरलेली जागा क्लिअरसाठी आहे. क्लिअरचे थेंब मात्र पातळीच्या किंचित वर येतील इतके, पुन्हा सावकाश थर देऊन भरावेत.

यानंतर निदान आठवडाभर हात लावू नये. कारखान्यात रंग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत पक्का होतो. आपला थेंब नुसत्या हवेवर वाळतो आणि वरून कोरडा लागला तरी आत मऊच असतो. आठवड्यानंतर तो उंचवटा सपाट करायचा. भोवती मास्किंग टेप लावावी, २००० नंबरचा वॉटर पेपर शॅम्पूच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवावा, नखाएवढ्या सपाट रबरी ठोकळ्यावर गुंडाळून फक्त उंचवट्यावर फिरवावा. दर चार-पाच फेऱ्यांनंतर पाणी पुसून पाहावे: घासला गेलेला भाग मंद दिसतो आणि न घासला गेलेला चमकतो. ठिपका आणि त्याला लागून असलेली कड दोन्ही सारखी मंद दिसली, की त्याच क्षणी थांबावे. मग ३००० नंबरचा पेपर, आणि शेवटी कंपाउंड व पॉलिश. हे काम नीट झाले तर उभ्याने पाहताना टवका सापडत नाही. वाकून, जागा माहीत असताना पाहिल्यास तो दिसतो, आणि तसा दिसणार हे आधीच मान्य करून कामाला बसावे.

दाराच्या चऱ्यात नख अडकत असेल आणि तळाशी अस्तर किंवा पत्रा दिसत असेल, तर हीच पद्धत, फक्त थेंबांऐवजी बारीक ब्रशने चऱ्याच्या लांबीवर पातळ रेघ भरत जायचे. तो पूर्ण अदृश्य होणार नाही. चार पावलांवरून नजरेत भरणार नाही आणि गंज धरणार नाही, एवढे घरी साधता येते. गॅरेजने पूर्ण दार सांगितले यामागे त्यांचे तांत्रिक कारण आहे: रंग चऱ्यापुरता मारून भोवताली विरवता येतो, पण क्लिअर कोट पॅनेलच्या मधेच संपवला तर त्याची कड कालांतराने उघडी पडते, म्हणून तो दाराच्या कडांपर्यंत न्यावाच लागतो. चरा पत्र्यापर्यंत जाऊन दाराला पोचाही पडला असेल, किंवा लवकरच गाडी विकायची असेल, तर त्यांचा सल्ला योग्य आहे. तेथे जाताना एवढेच विचारावे की रंग विरवण्यासाठी पुढच्या दारावर थोडा हात जाणार आहे का, कारण मेटॅलिक राखाडीत शेजारच्या दोन दारांतला फरक उन्हात लगेच दिसतो. विम्यातून करायचे असेल तर आधी हिशेब करावा. दाव्यामागे १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आपल्याला भरावे लागतात, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जो सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो, तो पुढच्या नूतनीकरणात शून्यावर येतो. एका दारासाठी दावा करणे बहुधा परवडत नाही.

स्प्रे कॅनविषयी आपण विचारलेले नाही, पण दार पाहून तो मोह होईल म्हणून लिहितो. साधे एका घटकाचे कॅन घरी मारता येतात, पण त्यांतला क्लिअर पेट्रोलने विरघळतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत मंद पडतो. कॅनच्या तळाची कळ दाबून हार्डनर (थर कडक करणारा घटक) मिसळायचा टू-के, म्हणजे दोन घटकांचा, क्लिअर टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि वासावरून धोका वेळेवर कळत नाही. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क येथे निरुपयोगी आहे. चांगल्या कार्यशाळेत बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये, जेथे मुले खेळतात, तेथे हे कॅन कृपया मारू नयेत.

ही सगळी कामे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर करणे उत्तम. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील दमटपणा धरतो आणि क्लिअर दुधाळ होतो. एप्रिल-मेमध्ये थेंब पसरण्याआधीच सुकतो. गंजलेला टवका मात्र ऋतूची वाट पाहत ठेवू नये. पावसाळ्यात एखादा कोरडा दिवस पाहून तो खरवडून प्रायमर आणि रंगाचा एक थेंब देऊन बंद करावा, आणि क्लिअर व घासकाम हिवाळ्यात पूर्ण करावे. नव्या रंगावर महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग लावू नये, कारण आतला द्रावक बाहेर पडायला वाट लागते. तोपर्यंत गाडी साध्या पाण्याने आणि शॅम्पूने धुवावी, आणि पाणी बोअरचे असेल तर वाळण्याआधी मायक्रोफायबरने टिपून घ्यावे.